बाळाच्या हालचाली आणि स्वमग्नता: काय दिसतं आणि त्याचा अर्थ काय



आजचा विषय जाहीर झाल्यावर संयोजकांकडे श्रोत्यांचे बरेच प्रश्न आले. बहुतेकांचा सूर एकच होता. 'बाळ सहा महिन्यांचं आहे. हात धरून उठवताना मान मागे पडते. मोबाइलवर एक व्हिडिओ पाहिला, त्यात ही ऑटिझमची खूण म्हणून सांगितलंय. खरं आहे का?' असा प्रश्न विचारणारी आई रात्र रात्र झोपत नाही. त्याच घरात आजी म्हणत असते, 'काही होत नाही गं, ह्याचा बापही उशिराच चालला होता.' एकीकडे भीती, दुसरीकडे धीर, आणि या दोन्हींच्या ओढाताणीत बाळाचे महिने निघून जातात.

मला जे सांगायचं आहे ते आधीच सांगून टाकते. तान्ह्या बाळाच्या एखाद्या हालचालीवरून स्वमग्नता ठरवता येत नाही. पण हालचालीत अडचण दिसली तर 'बघू पुढे' म्हणून थांबूही नये. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा, ते आज बघू.

सुरुवात इतिहासापासून करू. १९४३ साली अमेरिकेत लिओ कॅनर या बालमनोविकारतज्ज्ञांनी ११ मुलांचं वर्णन प्रसिद्ध केलं. स्वमग्नतेचा आजचा अभ्यास तिथून सुरू झाला असं मानतात. त्या लेखात एक छोटी नोंद आहे. आपण बाळाला उचलायला हात पुढे केले की साधारण चार महिन्यांचं बाळ स्वतःही तयार होतं: अंग सावरतं, खांदे थोडे उचलतं. कॅनर यांच्याकडे आलेल्या मुलांच्या आयांना आठवत होतं की आपलं बाळ अशी तयारी करत नसे. म्हणजे हालचालीकडे लक्ष पहिल्या दिवसापासून होतं. तरी पुढची कित्येक वर्षं सगळी चर्चा बोलणं, नजर, वागणं यांभोवतीच फिरत राहिली. त्याच काळात आईच्या थंडपणामुळे मूल असं होतं, ही चुकीची आणि क्रूर कल्पनाही पसरली. तिचा आपल्या विषयाशी संबंध आहे, म्हणून तिच्याकडे नंतर परत येऊ.

१९९८ मध्ये एक वेगळा प्रयोग झाला. फ्लोरिडा विद्यापीठातले फिलिप टाइटलबाम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, त्यांत ऑस्नात टाइटलबामही होत्या, पुढे स्वमग्नतेचं निदान झालेल्या १७ मुलांचे तान्हेपणीचे घरगुती व्हिडिओ मागवले. वाढदिवस, आंघोळ, खेळणं, असंच चित्रण. ते तपासायला त्यांनी जी पद्धत वापरली ती आली होती नृत्यातून. नोआ एश्कोल आणि आव्राहाम वाखमान यांनी इस्राएलमध्ये शरीराची प्रत्येक हालचाल चिन्हांत लिहून ठेवायची पद्धत तयार केली होती, जशी आपण स्वरलिपी लिहितो तशी. त्या पद्धतीनं बाळाचं कुशीवर वळणं, बसणं, रांगणं, चालणं एकेका चित्रचौकटीत मांडलं गेलं.

त्यांना काय दिसलं? साधारणपणे बाळ पालथं पडतं तेव्हा अंगाला पीळ पडतो. कंबर, छाती, डोकं एकामागून एक वळतात. या व्हिडिओंतली काही बाळं मात्र ओंडक्यासारखी एकसंध वळत होती. काहींचा एक हात रांगताना छातीखाली अडकून राहत होता. काही बाळं बसल्या जागी कलंडताना हात टेकवून स्वतःला सावरत नव्हती. काहींच्या चालण्यात डावी-उजवी बाजू सारखी चालत नव्हती. आणि यातलं काही चार ते सहा महिन्यांच्या वयातही दिसत होतं, असं त्यांचं म्हणणं होतं. स्वमग्नतेचं निदान तेव्हा तीन-चार वर्षांच्या आसपास, कधी त्याहूनही उशिरा व्हायचं. त्यामुळे या निष्कर्षांची चर्चा होणं साहजिकच होतं. आज मोबाइलवर फिरणाऱ्या कित्येक 'खुणां'चं मूळ इथं आहे.

पण एक गोष्ट ध्यानात घ्या. हा अभ्यास मागे वळून बघणारा होता. निदान आधी झालेलं, मग जुने व्हिडिओ पाहिले. तुलना होती ती नेहमीसारखी वाढ झालेल्या बाळांशी. मग प्रश्न असा उरतो: ज्या मुलांचा विकास दुसऱ्या कारणानं मंद आहे, पण ज्यांना स्वमग्नता नाही, त्यांच्यातही हेच दिसतं का?

हा प्रश्न २००८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सॅली ओझोनॉफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तपासला. त्यांनीही घरगुती व्हिडिओच घेतले, पण गट तीन केले: स्वमग्न मुलं, स्वमग्नता नसलेली पण विकास मंद असलेली मुलं, आणि नेहमीसारखी वाढ झालेली मुलं. हालचालींतला वेगळेपणा ही स्वमग्नतेचीच खास खूण आहे, असं त्यांच्या अभ्यासात दिसलं नाही. म्हणजे खूण खोटी आहे असं नाही. ती अनेक घरांच्या दारावर सापडते, एवढंच. दारावरच्या खुणेवरून आत कोण राहतं ते कळत नाही.

आता मान मागे पडण्याकडे येऊ, कारण सगळ्यात जास्त प्रश्न त्यावरच आहेत.

बाळाला उताणं ठेवून दोन्ही हात धरून हळूच बसतं केलं, तर चार महिन्यांच्या आसपास मान धडाबरोबर वर येऊ लागते. सहा महिन्यांनाही ती मागे लोंबत राहिली तर नोंद घ्यावी लागते. २०१२ मध्ये बाल्टिमोरच्या केनेडी क्रीगर इन्स्टिट्यूटमधल्या संशोधकांनी हीच चाचणी सहा महिन्यांच्या बाळांवर केली. ही बाळं होती स्वमग्न मुलांची धाकटी भावंडं. पुढे तीन वर्षांची झाल्यावर ज्यांना स्वमग्नतेचं निदान झालं, त्यांच्यातल्या ९० टक्के बाळांची मान सहाव्या महिन्यात मागे राहत होती.

९० टक्के! हा आकडा ऐकला की पोटात गोळा येतो. व्हिडिओवाले इथंच थांबतात. आपण पुढचं वाचू. ज्या भावंडांना पुढे ना स्वमग्नता निघाली ना बोलण्या-मिसळण्यातला उशीर, त्यांच्यातल्याही ३५ टक्क्यांची मान मागे राहत होती. आणि ज्यांच्या घरात स्वमग्नता नव्हतीच, अशा बाळांच्या वेगळ्या गटात हे प्रमाण ३३ टक्के होतं. तीनात एक!

आता साधा हिशेब करू. समजा, आपल्यासमोर १००० बाळं आहेत. सोयीसाठी धरू की शंभरात एक, म्हणजे दहा बाळं पुढे स्वमग्न निघणार आहेत. त्या दहातल्या नऊंची मान मागे पडेल. उरलेल्या ९९० पैकी तिसरा हिस्सा, म्हणजे ३३० बाळांचीही पडेल. एकूण मान मागे पडणारी बाळं झाली ३३९, आणि त्यांत स्वमग्न नऊ. म्हणजे साधारण अडतीस बाळांत एक. उरलेल्या सदतीस घरांत त्या व्हिडिओनं विनाकारण झोप उडवली. आणि ज्या दहाव्या बाळाची मान व्यवस्थित वर आली, त्याच्या आईबापांना मात्र खोटा दिलासा मिळाला.

मूळ अभ्यास लहान होता, त्यामुळे हे आकडे काटेकोर धरू नका. पण हिशेबाची रीत लक्षात ठेवा. 'स्वमग्न मुलांपैकी किती जणांत ही खूण असते' हा एक प्रश्न. 'ही खूण असलेल्यांपैकी किती जण स्वमग्न असतात' हा पूर्ण वेगळा प्रश्न. आईला दुसऱ्याचं उत्तर हवं असतं, आणि तिच्या हातात पहिल्याचं पडतं.

मग हालचाली बघायच्याच कशाला? बघायच्या, आणि नीट बघायच्या. त्याला तीन कारणं आहेत.

पहिलं कारण: हालचालीतल्या अडचणीमागे असं काही असू शकतं ज्यावर उपचार आहे आणि ज्याला उशीर परवडत नाही. आपल्या देशातलंच उदाहरण घ्या. आईच्या शरीरात बी-१२ जीवनसत्त्व फार कमी असेल आणि बाळ फक्त अंगावरच्या दुधावर असेल, तर सहा महिने ते दीड वर्ष या वयात बाळाची प्रगती थांबते, कधी उलटी फिरते. धरलेली मान सैल पडते, बसणारं बाळ बसेनासं होतं. हसत नाही, माणसांकडे बघत नाही, मलूल पडून राहतं. रंग फिकट होतो, बोटांच्या पेरांवर काळपटपणा येतो, केस विरळ होतात, पुढे अंगाला थरथर सुटते. शाकाहारी घरांत हे जास्त दिसतं, कारण बी-१२ मिळतं ते मुख्यतः दूध, अंडी, मांस, मासे यांतून. आता अशा बाळाला घरच्यांनी मोबाइल बघून 'स्वमग्न' ठरवलं तर? किंवा 'होईल हळूहळू' म्हणून सहा महिने घालवले तर? रक्ताची तपासणी आणि बी-१२ची इंजेक्शनं हा त्यावरचा मार्ग आहे, आणि जितक्या लवकर तितकं चांगलं. थायरॉइडची कमतरता, स्नायूंचे आजार, सेरेब्रल पाल्सी, ऐकण्या-बघण्यातली अडचण, ही सगळीसुद्धा आधी हालचालीतूनच दार वाजवतात.

सेरेब्रल पाल्सीचं नाव घेतलं म्हणून सांगते. तिथं हालचाल बघणं खरोखर उपयोगी ठरलं आहे. हाइन्झ प्रेख्टल यांनी दाखवलं की तीन ते पाच महिन्यांचं बाळ जागं आणि शांत असताना त्याच्या सर्वांगात बारीक, सतत, लयदार चुळबुळ चालू असते. ती अजिबात नसेल तर सेरेब्रल पाल्सीची शक्यता बरीच वाढते, आणि प्रशिक्षित माणसाला ती काही मिनिटांच्या चित्रणावरून ओळखता येते. स्वमग्नतेसाठी इतकी भरवशाची खूण हालचालींत अजून सापडलेली नाही.

दुसरं कारण: हालचाल ही शिकण्याची वाट आहे. बाळ बसायला लागलं की त्याचे हात मोकळे होतात. वाटी उचलतं, आपटतं, तोंडात घालतं, मग आईकडे बघतं. चालायला लागलं की वस्तू घेऊन माणसाकडे येतं, आणि वस्तू घेऊन आलेल्या बाळाशी आपण जास्त आणि वेगळं बोलतो. म्हणजे बसण्या-चालण्यातून बोलण्याची, माणसांत मिसळण्याची संधी वाढते. बसायलाच उशीर झाला तर या संधीही उशिरा येतात. म्हणून हालचालीला मदत करणं कधीच वाया जात नाही, निदान काहीही निघो.

तिसरं कारण: स्वमग्न मुलांपैकी बऱ्याच जणांना हालचालींत खरोखरच त्रास असतो. अमेरिकेत पालकांकडून माहिती घेऊन झालेल्या एका मोठ्या पाहणीत शाळकरी वयाच्या स्वमग्न मुलांपैकी सुमारे ८७ टक्के मुलांना बटण लावणं, चेंडू झेलणं, लिहिणं अशा कामांत अडचणीची शक्यता दिसली. तरी निदानाच्या निकषांत हा त्रास नाही. हात फडफडवणं, गोल फिरणं अशा पुन्हा पुन्हा होणाऱ्या हालचाली तेवढ्या निकषांत येतात. परिणाम असा की शाळेत लिहायला त्रास होणाऱ्या मुलाला 'आळशी' म्हटलं जातं.

आता प्रत्यक्षात काय करायचं?

आधी हे जाणून घ्या की 'वेळेवर' हा एक दिवस नसतो, तो मोठा काळ असतो. जागतिक आरोग्य संघटनेनं भारतासह पाच देशांतल्या निरोगी मुलांचा अभ्यास करून २००६ मध्ये आकडे दिले. आधाराशिवाय बसणं: ३.८ ते ९.२ महिने. एकट्यानं चालणं: ८.२ ते १७.६ महिने. त्यामुळे शेजारचं बाळ दहाव्या महिन्यात चाललं आणि तुमचं चौदाव्यात, तर दोघंही पंक्तीत बसलेलीच आहेत. बाळ दिवस भरण्याआधी जन्मलं असेल तर जितके आठवडे आधी, तितके वयातून वजा करून मोजा. दोन वर्षांपर्यंत हा हिशेब ठेवतात.

पण काही गोष्टी दिसल्या तर थांबू नका. चार महिने पूर्ण झाले तरी मान धरत नाही. नऊ महिने उलटले तरी बसत नाही. दीड वर्ष झालं तरी चालत नाही. वर्षाच्या आतच बाळ कायम एकच हात वापरतं, दुसरी मूठ बंद. अंग फार कडक किंवा फार सैल लागतं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, आधी येत असलेली गोष्ट बाळ विसरलं. ती बसणं असो, हसणं असो की 'बाबा' म्हणणं, अशा वेळी लगेच डॉक्टरांकडे जायचं, कोणत्याही वयात.

याच्या जोडीला माणसांशी असलेलं नातं बघा. स्वमग्नतेचा अंदाज मुख्यतः तिथून येतो. हाक मारल्यावर वर्षाचं बाळ वळतं का? टाटा करतं का, उचलून घे म्हणून हात पसरतं का? दीड वर्षाचं मूल चिमणी दाखवायला बोट करतं का, आणि बोट करून तुमच्याकडे बघतं का? सोळा ते तीस महिन्यांच्या मुलांसाठी वीस प्रश्नांची 'एम-चॅट' नावाची प्रश्नावली आहे, डॉक्टर ती भरून घेतात. तीही चाळणीच बरं का, निदान त्यानंतर.

जायचं कुठे? आधी तुमचे नेहमीचे बालरोगतज्ज्ञ. त्यांना 'बाळाचा विकास तपासून द्या' असं स्पष्ट सांगा, कारण सर्दी-तापाच्या गडबडीत ते राहून जातं. अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा तपासणीला येतं. त्यांना शंका आली तर ते जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवतात, लोक त्याला डीईआयसी म्हणतात. आणि जाताना मोबाइलवर दोन-दोन मिनिटांचे व्हिडिओ घेऊन जा: बाळ जमिनीवर खेळताना, वळताना, तुमच्याशी खेळताना. दवाखान्यात बाळ रडतं आणि काहीच करून दाखवत नाही. ज्या मोबाइलनं घाबरवलं, तोच इथं उपयोगी पडतो. घरी बाळाचे हात ओढून मानेची परीक्षा मात्र घेत बसू नका.

निदान होईपर्यंत थांबायचं नाही, याला आता पुरावाही आहे. ऑस्ट्रेलियात नऊ ते चौदा महिन्यांच्या, माणसांशी संवादात वेगळेपणा दिसणाऱ्या बाळांचे दोन गट केले. एका गटाच्या पालकांना त्यांचेच बाळाबरोबरचे व्हिडिओ दाखवून बाळाचे बारीक इशारे ओळखायला आणि त्यांना प्रतिसाद द्यायला शिकवलं. २०२१ मध्ये निष्कर्ष आले. तीन वर्षांच्या वयात स्वमग्नतेचे निकष पूर्ण करणारी मुलं या गटात ४५ पैकी ३, आणि दुसऱ्या गटात ४४ पैकी ९. अभ्यास लहान आहे, बाळं हालचालीवरून निवडलेली नव्हती, आणि 'स्वमग्नता बरी झाली' असा याचा अर्थ मुळीच नाही. पण बाळावर शिक्का न मारता, फक्त शंका असताना मदत सुरू करता येते, हे त्यातून दिसतं.

आणि आता ती सुरुवातीची क्रूर कल्पना. ती शास्त्रानं केव्हाच टाकून दिली, पण घरात ती रूप बदलून राहते. 'मालीश नीट केली नाहीस', 'नोकरीवर लवकर गेलीस', 'पांगुळगाडा आणला नाही म्हणून'. स्वमग्नतेची मुळं मेंदूच्या जडणघडणीत आहेत, मोठा वाटा अनुवंशिकतेचा आहे. आईच्या मालिशीनं ती येत नाही आणि जातही नाही. ज्या घरात दोष ठरवायची बैठक बसते, तिथं डॉक्टरांकडे जायला उशीर होतो, कारण जाणं म्हणजे आईनं दोष कबूल करणं होऊन बसतं. आजीबाईंना माझी हात जोडून विनंती आहे, धीर जरूर द्या, पण तो देताना सुनेबरोबर दवाखान्यातही जा.

थोडे प्रश्न घेऊ.

प्रश्न: माझा नातू रांगलाच नाही, थेट उभा राहिला. काळजीचं कारण आहे का?

जागतिक आरोग्य संघटनेच्या त्याच अभ्यासात ४ टक्क्यांहून थोडी जास्त निरोगी मुलं हात-गुडघ्यांवर रांगलीच नाहीत. बाकी सगळं ठीक असेल, दोन्ही बाजू सारख्या चालत असतील, तर नुसतं न रांगणं ही काळजीची गोष्ट नाही.

प्रश्न: मुलगी चवड्यांवर चालते आणि आनंद झाला की हात फडफडवते.

वय किती? चौदा महिने? या वयात दोन्ही गोष्टी पुष्कळ मुलांत दिसतात. दोन वर्षांनंतरही ती बहुतेक वेळ चवड्यांवरच चालत असेल, तर पायाचे स्नायू आणि विकास दोन्ही तपासून घ्या. आत्ता एवढं सांगा, ती तुम्हाला बोलावते का, बोट करून दाखवते का? ... दाखवते ना? मग पुढच्या लसीच्या वेळी डॉक्टरांच्या कानावर घाला, तेवढं पुरे.

प्रश्न: आमचा मोठा मुलगा स्वमग्न आहे. धाकटी पाच महिन्यांची झाली. तिच्या प्रत्येक हालचालीकडे मी बघत बसते.

तुमची अवस्था समजते. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात अशा धाकट्या भावंडांपैकी १८.७ टक्के मुलांना स्वमग्नतेचं निदान झालं. म्हणजे साधारण पाचात एक, आणि पाचातल्या चौघांना नाही. शक्यता इतरांहून जास्त आहे, म्हणून तुम्ही वाट न बघता आताच विकासाची नियमित तपासणी सुरू करा, नऊ महिन्यांना, वर्षाला, दीड वर्षाला. तारखा ठरवून टाका आणि बघण्याचं काम त्या तारखांवर सोपवा. मधल्या दिवसांत तिला चटईवर पालथं ठेवा, समोर तुम्ही झोपा आणि तिच्याशी बोला. तिच्या मानेला आणि पाठीला त्यानं बळ येईल, आणि ती तुमच्या चेहऱ्याकडे बघेल. तिला आत्ता यापेक्षा जास्त काही लागत नाही.